अंगात टोचलेला महारोग

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

१९४९-५० च्या सुमाराची गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे एक वकील कलकत्त्याला गेले आणि तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी महारोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले. कुणी सक्ती केली नव्हती. वय पस्तिशीच्या आसपास, घरी पत्नी आणि दोन लहान मुलगे. या वकिलांचं नाव मुरलीधर देविदास आमटे. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागला.

बाबांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांत आनंदवनाची सहल झाली नाही असा विद्यार्थी विरळाच. या सुईची गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेली असते. मी जीवशास्त्राचा मास्तर, त्यामुळे माझी गाडी नेमकी त्याच वाक्यावर अडते. जंतू टोचून का घ्यायचे? त्यातून काय सिद्ध होणार होतं? आणि रोग झाला का नाही?

याचं उत्तर शोधायला आधी थोडं लांब, नॉर्वे देशात जावं लागेल. महारोग हा उष्ण देशांतला रोग अशी आपली समजूत असते. पण एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या थंडगार पश्चिम किनाऱ्यावर, गरीब कोळी आणि शेतकऱ्यांमध्ये तो ठाण मांडून होता. १८५६ साली तिथल्या सरकारने रोग्यांची नोंदवही सुरू केली तेव्हा जवळपास तीन हजार नावं भरली. बर्गन हे शहर तर महारोगाच्या अभ्यासाची जगाची राजधानीच बनलं होतं.

या बर्गनमध्ये डॅनियल डॅनियलसन नावाचे नामांकित डॉक्टर होते. महारोग रक्तातून, पिढीजात येतो, तो संसर्गाने होत नाही, असं त्यांचं ठाम मत. मत सिद्ध कसं करायचं? त्यांनी रोग्याच्या अंगावरच्या गाठीतला द्रव घेऊन स्वतःला टोचला. एकदा नाही, अनेकदा. त्यांच्या इस्पितळातल्या काही नोकरमाणसांनीही टोचून घेतलं. कुणालाच महारोग झाला नाही. डॅनियलसन यांना वाटलं, झालं, मुद्दा सिद्ध झाला. खरं तर काहीच सिद्ध झालं नव्हतं, पण ते कळायला शंभर वर्षं जायची होती.

त्यांच्याच हाताखाली गेरहार्ड आर्माउअर हान्सेन हा तरुण डॉक्टर काम करत होता. तोच पुढे त्यांचा जावईही झाला. १८७३ साली हान्सेनने रोग्याच्या गाठीतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात काडीसारखे जंतू त्याला दिसले. म्हणजे सासरेबुवांचं उभ्या आयुष्याचं मत जावयाने मोडीत काढलं. पण जंतू दिसला म्हणजे रोग त्यानेच होतो असं म्हणता येत नाही. तो जंतू काचेच्या बशीत वाढवून दाखवायला हवा, मग दुसऱ्या जिवात टोचून रोग उभा करून दाखवायला हवा. हान्सेनचा जंतू काही केल्या बशीत वाढेना. सशांना टोचून पाहिलं, रोग होईना.

मग हान्सेनने जे केलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. ३ नोव्हेंबर १८७९ रोजी त्याने इस्पितळातल्या कारी नावाच्या तेहतीस वर्षांच्या रोगी बाईच्या डोळ्यात, मोतीबिंदूच्या सुरीने, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला द्रव टोचला. तिला महारोग होताच, पण दुसऱ्या प्रकारचा. नव्या प्रकारची गाठ तिच्या डोळ्यात उठते का, हे त्याला पाहायचं होतं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे ठाऊक असल्यामुळेच विचारलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. १८८० साली निकाल लागला आणि हान्सेनची इस्पितळातली नोकरी गेली. देशाचा महारोग अधिकारी मात्र तो मरेपर्यंत राहिला, आणि आज जग या रोगाला त्याच्याच नावाने ओळखतं. डोळ्याचं म्हणाल तर तिथे नवी गाठ काही उठली नाही.

याच काळात हवाई बेटांवर याहून विचित्र प्रकार घडला. कियानू नावाच्या माणसाला खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. एडुआर्ड आर्निंग या जर्मन डॉक्टरने त्याच्यासमोर सौदा ठेवला : फाशी टळेल, जन्मठेप होईल, बदल्यात महारोग टोचून घ्यायचा. कियानू कबूल झाला. दोरखंड समोर लोंबकळत असताना माणूस कशाला कबूल होणार नाही? १८८४ च्या सप्टेंबरात त्याच्या हाताच्या कातडीखाली रोग्याच्या गाठीचा तुकडा शिवण्यात आला. चारेक वर्षांत त्याच्या अंगभर महारोग दिसू लागला. वैद्यकीय जगात टाळ्या पडल्या, अखेर पुरावा मिळाला! आणि मग कुणीतरी चौकशी केली तेव्हा कळलं की कियानूच्या स्वतःच्या मुलाला, पुतण्याला आणि भावंडांपैकी एकाला महारोग होता. त्याला तो घरातूनच लागलेला असू शकत होता. प्रयोग फुकट गेला. कियानूची रवानगी मोलोकाई बेटावरच्या महारोग्यांच्या वस्तीत झाली आणि १८९२ साली तो मेला. फादर डेमियन यांनी ज्या वस्तीत रोग्यांची सेवा केली आणि स्वतः तो रोग होऊन १८८९ साली देह ठेवला, तीच ही वस्ती.

हे सगळं सांगायचं कारण असं, की कलकत्त्यात बाबा पुढे आले तेव्हा प्रश्न तिथेच थांबलेला होता. हान्सेनला जंतू दिसून पाऊणशे वर्षं झाली होती, तरी तो प्रयोगशाळेत वाढत नव्हता. जंतू वाढत नाही तर औषधं कशावर तपासायची? कडू कवठाच्या तेलाची जाड सुई रोग्यांना वर्षानुवर्षं टोचत राहायचं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. सल्फोन जातीची नवी औषधं नुकती येऊ लागली होती, पण त्यांनाही वर्षंच्या वर्षं लागत. माणसाच्या निरोगी शरीरात हा जंतू वाढवता आला तर अभ्यासाला वाट फुटेल, अशी कल्पना होती. त्यासाठी शरीर हवं होतं. बाबांनी आपलं दिलं.

एक गोष्ट इथे नमूद करायला हवी. १९४७ साली, म्हणजे जेमतेम दोन-तीन वर्षं आधी, नाझी डॉक्टरांच्या खटल्यात न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी माणसावरच्या प्रयोगांचे दहा नियम घालून दिले होते. पहिला नियम, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची मोकळ्या मनाने दिलेली संमती. आणि पाचवा असा की ज्यात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व येईल असं आधीच वाटतं तो प्रयोग करू नये, अपवाद झालाच तर प्रयोग करणारे डॉक्टर स्वतःवरच करत असतील तेव्हाचा. बाबा डॉक्टर नव्हते. महारोगाचा अभ्यासक्रम शिकायला ते कलकत्त्याला गेले होते. कारी, कियानू आणि बाबा या तिघांना एका ओळीत उभं करून पाहिलं तर फरक लख्ख दिसतो : एकीला विचारलं नाही, दुसऱ्याला फास दाखवून विचारलं, तिसरा न विचारता पुढे आला.

का आला? त्याचं उत्तर वरोऱ्याच्या एका गटारात आहे. बाबा तेव्हा तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून त्यांनी काही महिने मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. असं काम करताना एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला एक गाठोडं दिसलं. ते गाठोडं नव्हतं, तुळशीराम नावाचा महारोगी होता. हातापायाची बोटं झडलेली, जखमांत किडे झालेले. स्वतःला निर्भय समजणारे बाबा घाबरून घराकडे पळाले. हे त्यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितलं. मग ते परत आले, तुळशीरामवर आडोसा उभा केला, आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. त्या पळण्याची लाज त्यांना आयुष्यभर टोचत राहिली. माझ्या मते कलकत्त्याची सुई औषधशास्त्रासाठी जेवढी होती, तेवढीच त्या रात्रीच्या भीतीसाठी होती. साधनाताईंनी दोन तान्ही पोरं घरात असताना या सगळ्याला साथ दिली, हे तर मला सुईपेक्षाही मोठं वाटतं.

भीती कशाची होती, तेही पाहू. आपल्याकडे या रोगाला रगतपिती म्हणत, महारोग म्हणत. देवाचा कोप, गेल्या जन्मीचं पाप. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथे सापडलेल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याच्या हाडांवर या रोगाच्या खुणा आहेत, इतकी जुनी ही सोबत. मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी रोग्याला जिवंतपणीच कबरीत उभं करून त्याच्यावर माती टाकत आणि मृताची प्रार्थना म्हणत. त्यानंतर तो कायद्याने मेला. १८१२ साली बंगालमध्ये काटवा इथे विल्यम केरी या मिशनऱ्याने एका महारोग्याला जिवंत जाळताना पाहिलं होतं. इंग्रज सरकारने १८९८ साली महारोग्यांसाठी कायदा केला. तो मुख्यतः रस्त्यावर फिरणाऱ्या गरीब रोग्यांना पकडून आश्रमात कोंडण्यासाठी होता. तो पूर्ण रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. आणि नवराबायकोपैकी एकाला हा रोग आहे म्हणून घटस्फोट मिळण्याची तरतूद आपल्या कायद्यांतून निघाली ती २०१९ साली!

आता मूळ प्रश्न. बाबांना रोग का झाला नाही?

तर शंभरातल्या साधारण पंचाण्णव माणसांना हा रोग होतच नाही. त्यांचं शरीर हा जंतू जन्मजात परतवून लावतं. डॅनियलसन, त्यांचे नोकर आणि आपले बाबा बहुधा त्या पंचाण्णवांतले. म्हणूनच एका माणसाला टोचलं आणि रोग झाला नाही, यातून काही म्हणता काही सिद्ध होत नाही. डॅनियलसनची चूक इथेच होती.

दुसरं म्हणजे हा जंतू जगातल्या सर्वांत आळशी जंतूंपैकी आहे. आपल्या आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. महारोगाच्या जंतूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत दोन-पाच वर्षं सहज जातात, कधी वीसही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बाबांची परीक्षा सुई टोचली त्या दिवशी संपली नव्हती. पुढची कित्येक वर्षं, आनंदवनात खडक फोडताना, विहीर खणताना, अंगावर उठलेला एखादा फिकट डाग साध्या नायट्याचा की त्या सुईचा, हे कुणीच छातीठोक सांगू शकलं नसतं.

या भीतीची एक खरी हकिकत आहे. वेल्लोरला महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पॉल ब्रँड प्रवासाने थकून लंडनच्या हॉटेलात पोचले. बूट काढताना त्यांच्या लक्षात आलं की टाचेला संवेदनाच नाही. सुई टोचून पाहिली, दुखलं नाही. रात्रभर ते तळमळत पडले. आता बायकोमुलांपासून वेगळं राहावं लागणार, नोकरी जाणार. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि कळ मस्तकात गेली. रात्री थकव्याने आणि एका जागी बसून नस दबली होती, इतकंच. सुईच्या वेदनेने इतका आनंद झालेला दुसरा माणूस क्वचितच असेल.

याच ब्रँडनी आणखी एक कोडं सोडवलं. महारोगात बोटं झडतात असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात जंतू बोटं खात नाही. तो हातापायांच्या नसांत घर करतो आणि नस मारतो. मग वेदना कळत नाही. चुलीतला निखारा हाताने उचलला जातो, काटा रुतून आठ दिवस तसाच राहतो, जखम सडते आणि बोट आखूड होत जातं. तरी काही रोग्यांची बोटं एका रात्रीत गायब होत, ती कुठे जातात कळेना. पाळत ठेवली तेव्हा दिसलं की झोपेत उंदीर कुरतडून नेतात, आणि रोग्याला जागसुद्धा येत नाही. तेव्हापासून तिथून घरी जाणाऱ्या रोग्यासोबत मांजर देण्याची पद्धत पडली. महारोगावरच्या साऱ्या उपायांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो.

कलकत्त्याहून परतल्यावर बाबांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ, साप-विंचवांनी भरलेल्या सरकारी जमिनीवर वस्ती केली. सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, हा हिशेब आता सर्वांना पाठ आहे. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. रोग्यांनी विहीर खणली, भाजी पिकवली, पण वरोऱ्याच्या बाजारात ती घेईना कुणी. महारोग्यांनी पिकवलेलं वांगं कोण खाणार? पुढे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केलं, त्यांच्याबरोबर जेवले. ते पाहून गावकरी हळूहळू यायला लागले, भाजी खपू लागली. १९६४ पासून तर या रोग्यांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या इमारतींत परिसरातली धडधाकट मुलं कॉलेज शिकू लागली. कलकत्त्यात जे एका शरीरावर करून पाहिलं होतं, ते इथे अख्ख्या गावावर झालं, आणि या वेळी प्रयोग यशस्वी झाला असं मी म्हणेन.

जंतूचं मात्र पुढे काय झालं? १९६० साली अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात थोडाफार वाढवून दाखवला. तळपायच का? कारण या जंतूला गारवा लागतो. म्हणूनच तो माणसाच्याही कातडीत, नाकात, कानाच्या पाळीत, हातापायाच्या नसांत राहतो. आतल्या ऊबदार अवयवांत त्याचं फारसं जमत नाही. हा धागा पकडून संशोधकांनी थंड रक्ताकडे झुकणारा प्राणी शोधला, तो आर्माडिलो. आपल्या गडचिरोलीच्या जंगलातल्या खवल्या मांजराची आठवण यावी असा हा अमेरिकेतला चिलखती प्राणी, नातं मात्र काही नाही. १९७१ साली त्याला जंतू टोचले आणि अंगभर महारोग उभा राहिला. डॅनियलसनपासून बाबांपर्यंत माणसांच्या शरीरात जे साधलं नाही, ते या बिचाऱ्या जनावरात साधलं. त्याच्या यकृतातून जंतू मुबलक मिळू लागले आणि संशोधनाला वेग आला.

२००१ साली या जंतूची पूर्ण जनुकं वाचली गेली तेव्हा कळलं की त्यातली हजाराहून अधिक जनुकं मेलेली आहेत. क्षयाचा जंतू त्याचा चुलत भाऊ, त्याची चार हजार जनुकं चालू, आणि याची जेमतेम सोळाशे. स्वतंत्रपणे जगण्याची सारी सामग्री त्याने हरवली आहे. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला जगताच येत नाही. काचेच्या बशीत तो आजही वाढलेला नाही.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात गेले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. कलकत्त्याच्या सुईने त्यांना काही केलं नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जाळला नाही, आनंदवनाच्या मातीत पुरला.

रोग मात्र संपलेला नाही. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधोपचार पद्धती आली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, तीन औषधं एकत्र, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट. पहिल्या काही मात्रांतच रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जवळजवळ संपतो. २००५ अखेर देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी उरले आणि कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं सरकारने जाहीर केलं. पण ती सरासरी होती. चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण त्यानंतरही सापडत राहिले आहेत. तिथे आरोग्यसेवक आणि आशाताई घरोघर फिरून चट्टे तपासतात. तपासणी अगदी साधी असते. डोळे मिटायला सांगतात, बॉलपेनच्या टोकाने अंगाला हळूच स्पर्श करतात आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगतात. बोट चट्ट्यावर आलं नाही, तर पुढच्या तपासणीसाठी नाव लिहून घेतात.